चव्वेचाळीसची नोट

“आधी म्हशी दिसत्यात का बगा,” गोजराआक्का म्हणाली, आणि तिनं खणाची एक घडी माझ्या टेबलावर ठेवली.

शाळा सुटली होती. त्र्याऐंशी सालचा ऑगस्ट नुकताच लागला होता. वर्गात मी आणि न तपासलेल्या इतिहासाच्या वह्या, एवढेच उरलो होतो. मी घडी उलगडली. आत पंचांगाचं जुनं पान, पानात एक नोट. हळदीकुंकवानं ती निम्मी लालपिवळी झालेली. उलटी करून उजेडात धरली. नदीच्या पाण्यात उतरलेल्या म्हशी फिकट झाल्या होत्या, पण होत्या.

“दिसतात की, आक्का.”

“मग बरं. मला वाटलं, माज्या कुंकवानं बुडाल्या.” ती बाकावर टेकली. “सदतीस वर्सं मी त्यांच्याकडं बगतीय. म्हनायची, ज्या मुलखात म्हशी हायत तिथली मान्सं वंगाळ नसत्याल. शेवटाला ह्यांच्या तोंडात कुनी ना कुनी पानी घातलं असंल.”

गोजराआक्का म्हणजे शिपाई केरबा निकमची बायको. केरबा महायुद्धात पलटणीबरोबर मलायाला गेला आणि परत आला नाही. सरकारी कागदात तो ‘बेपत्ता’ होता. पण त्याच्याच पलटणीतले रंगराव जगदाळे, म्हणजे आमचे सुभेदार, सेहेचाळीस साली गावी परतले आणि त्यांनी सांगितलं की बेचाळीसच्या सात जानेवारीला एका पुलापाशी केरबाला गोळी लागली. त्यांच्याच मांडीवर त्यानं जीव सोडला. जाताना खिशातली नोट काढून म्हणाला, ‘घरी दे.’ ती ही नोट.

आता पंधरा ऑगस्टला शाळेपुढं हुतात्म्यांचा दगड उभा राहायचा होता. चौदा नावं, प्रत्येक नावापुढं तारीख. तेरा जणांचे कागद चोख होते. चौदावं नाव केरबाचं, ते सुभेदारांच्या साक्षीवर आणि या नोटेवर घेतलं होतं. दगडाशेजारी काचेच्या पेटीत नोट ठेवायची असंही ठरलं होतं. आक्काला मूलबाळ नव्हतं, दीर कधीच वेगळे झाले होते. नवऱ्याचं नाव दगडावर बघायचं, एवढी एकच गोष्ट तिला या गावाकडून हवी होती आणि ती मिळायला दहा दिवस उरले होते.

“पेटीत खाली काय लिवायचं ते तुमी लिवा,” ती म्हणाली. “ह्या नोटा तुमाला वाचता येत्यात.”

ते खरं होतं. मला नोटांचा नाद. जपान्यांनी लढाईत जे जे मुलूख गिळले, तिथं तिथं घाईघाईनं कागदी पैसा छापून लोकांच्या गळ्यात मारला. बर्मात रुपये, मलायात डॉलर, फिलिपिन्सात पेसो. मागं सोनं नाही, बँक नाही, पुढंपुढं तर नोटेवर नंबरसुद्धा नाही, नुसती दोन अक्षरं. लढाई संपली त्या दिवशी त्याची रद्दी झाली. मी गोळा करायचो ती ही रद्दी. वाईहून या गावी बदली झाली तेव्हा बायको रडली होती, मी मात्र खुशीत होतो. घरटी एक फौजी असलेलं गाव. ज्याच्या त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी असा एखादा कागद निघायचाच. मी म्हाताऱ्यांचे अर्ज लिहून द्यायचो आणि बदल्यात ट्रंक उघडायला लावायचो. बायको मला ‘रद्दीचा सावकार’ म्हणायची. म्हणू दे. माझ्या वहीत प्रत्येक नोटेखाली पांढरी पट्टी असे आणि पट्टीवर मुलूख, रक्कम, साल. कलकत्त्याच्या आणि रंगूनच्या हौशी माणसांशी पत्रांतून भांडून भांडून मी एकेक साल पक्कं केलं होतं. शाळेत पोरं पाठीमागं मला ‘फटाका’ म्हणत, ते काही उगाच नाही. चुकीचं साल दिसलं की माझं डोकं फिरायचं.

मी नोट सरळ केली. पाण्याकाठची झोपडी, झाडं, शंभराचा आकडा. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

“पण आक्का, ही बेचाळीसची नाहीच! मलायातली शंभराची नोट त्यांनी चव्वेचाळीसात काढली. बेचाळीसात शंभराची नोटच नव्हती. दहाची होती, केळीच्या झाडाची. माझ्याकडे आहे, दाखवतो.”

मी हे आनंदानं सांगितलं. आज लिहितानाही कानशिलं तापतात, पण खोटं कशाला बोलू? एखाद्या पोरानं अवघड गणित सोडवावं तसा मी खूश होतो. वही उघडून केळीची नोट तिच्यापुढं धरलीसुद्धा.

आक्कानं केळीकडं पाहिलंच नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

“म्हंजी ते चव्वेचाळीसपातूर जित्ते हुते?”

तेव्हा कुठं मला कळलं की मी काय बोलून बसलो.

“तसं नाही... म्हणजे, नोट तेव्हाची आहे, एवढंच.”

“मास्तर, मी अडानी हाय, खुळी न्हाई. बेचाळीसात मेलेल्या मानसाच्या खिशात चव्वेचाळीसची नोट कुटनं येती?”

तिनं नोट उचलून पंचांगाच्या पानात घातली, खणाची घडी केली आणि उभी राहिली.

“ती वही घ्या. दादाकडं जाऊ.”

दादा म्हणजे सुभेदारच. आक्कानं त्यांना धर्माचा भाऊ मानलं होतं. दर भाऊबीजेला त्यांना ओवाळायची.

सुभेदार ओट्यावर चिंच घेऊन पदकं घासत बसले होते. पंधरा ऑगस्टची तयारी. सहासष्ट-सदुसष्टचं वय, ताठ पाठ, पांढऱ्या मिशा. गावात कुणाची भांडणं लागली की यांच्या शब्दावर मिटायची. दरवर्षी झेंडावंदनाला ते शाळेत पुलाची आणि केरबाची गोष्ट सांगत आणि मी, इतिहासाचा मास्तर, मुलांना टाळ्या वाजवायला सांगत असे.

“या मास्तर. ये गोजरे, बस. चा सांगू?”

“चहा नको,” मी म्हणालो. “सुभेदारसाहेब, ही नोट केरबानं तुम्हाला केव्हा दिली?”

“आता ते किती येळा सांगायचं? सात जानेवारी, बेचाळीस. फाटेचं चांदनं हुतं...”

“तेव्हा ही नोट छापलेलीच नव्हती.”

ते हसले. माझ्याकडं बघून नव्हे, आक्काकडं बघून. अडाणी बाई आपल्याच बाजूची असणार, अशा खात्रीनं.

“मास्तर, तुमी हुता का त्या पुलावर?”

“मी नव्हतो. पण ही नोटही नव्हती.”

मी वही उघडली. बेचाळीसचं पान, चव्वेचाळीसचं पान, बोट ठेवून ठेवून दाखवलं. त्यांनी वहीकडं एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं नाही. हातातली चिंच त्यांनी ताटलीत आपटली.

“कागदाच्या कपट्यावरनं सुभेदाराला खोटा पाडतोस व्हय रं? चार फाटक्या नोटा गोळा केल्या म्हनून कुनी जज्ज हुईत न्हाई! त्या पुलावर मानसं किड्यामुंगीवानी मेली, तवा तू पाळन्यात हुतास!”

“मी पाळण्यात होतो, तुम्ही पुलावर होता, कबूल. मग नोट कुठून आली ते सांगा. केरबाच्या भुतानं आणून दिली का?”

माझाही आवाज चढला होता. शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. सुभेदार उठले, मीही उठलो. आक्का तेवढी बसून होती.

“दादा,” ती म्हणाली, “वही ऱ्हाऊ द्या. मास्तरबी ऱ्हाऊ द्या. माज्याकडं बगून सांगा. सात तारखेला माज्या मानसाला गोळी लागली?”

सुभेदारांनी तिच्याकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. मला वाटलं, आता दडपून सांगतील. माणसाचा सराव सदतीस वर्षांचा होता. पण तोंड तसंच राहिलं. मग ते खाली बसले, त्या शेजारणींना हातानं जायची खूण केली आणि ताटलीतल्या पदकांकडं बघत बोलू लागले.

“पुलावर दुसरी पडली. केरबा न्हाई. आमी दोगंबी धरलो गेलो. सिंगापुराला कॅम्पात एकाच बराकीत हुतो, वर्सभर.”

त्यांनी एक पदक उलटं करून ठेवलं.

“त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात जपान्यास्नी मानसं पायजे झाली. लांब कुठल्या बेटावर, वज्जी उचलायला. हरेक बराकीतनं दहा. मला लिवाय येत हुतं. म्हनून यादी मी केली.”

“तुमी,” आक्का म्हणाली.

“नऊ नावं झाली. दहावं माज्या चुलत भावाचं घातलं हुतं. हात धजंना. खोडलं. तितं केरबाचं लिवलं.”

“केरबाचंच का?” मी ओरडलो. “बराकीत दुसरं कोणी नव्हतं?”

“हुते की. पर ज्याचं घालावं त्यो उठून माज्या नरड्याला आला असता.” सुभेदारांचा आवाज अगदी साधा होता, वाणसामान सांगावं तसा. “केरबा रागवायचा न्हाई मला ठावं हुतं. नाव वाचलं तर हसला. म्हनला, चला, जरा वारा तरी लागंल.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मी त्या दिवशी अनुभवली. जो रागावणार नाही त्याला मरायला पाठवायचा! आणि वर त्याच्या मरणाची गोष्ट रचून सदतीस वर्षं फेटा बांधून टाळ्या घ्यायच्या! आणि त्या टाळ्या मी वाजवायला लावायच्या!

“पुढं?” आक्कानं विचारलं.

“पुढं ठाव न्हाई. बोट गेली. त्या दहातलं कुनीच माघारी आलं न्हाई. कुनी म्हनलं उपासमारीनं गेली, कुनी म्हनलं तापानं. कवा, कुटं, कुनाला ठाव न्हाई.”

“आन् नोट?”

सुभेदारांनी पुन्हा चिंच हातात घेतली.

“दादा, नोट?”

“जपान हरला तवा नोटांचा पाचुळा झाला. रस्त्यात पडल्या हुत्या, मान्सं तुडवून जायची. मी घरला निगालो. तुज्याकडं रिकाम्या हातानं कसं यावं, कळंना. म्हनून एक उचलली. त्यातल्या त्यात मोटी बगून उचलली.”

मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. कॉलर धरली, हे मला आठवतं. आयुष्यात शाळेबाहेर कुणावर हात उगारला नव्हता, त्या दिवशी उगारला. सुभेदारांनी अडवलं नाही. अडवलं ते आक्कानं. ती माझ्यापेक्षा हातभर ठेंगणी बाई, पण माझं मनगट तिनं असं धरलं की बोटं आपोआप सुटली.

“बाजूला व्हा मास्तर. ह्यो राग माजा हाय. तुमी घ्यू नगा.”

मी बाजूला झालो.

ती सुभेदारांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल, शिव्या देईल, मातीची मूठ त्यांच्या तोंडावर मारेल. तिनं विचारलं ते भलतंच.

“मग षष्टी?”

सुभेदारांनी मान वर केली नाही, पण त्यांना कळलं. मला कळायला थोडा वेळ लागला. सात जानेवारी या तारखेवरून गावच्या जोशांनी पंचांग बघून तिथी काढून दिली होती, पौष वद्य षष्ठी. सदतीस वर्षं त्या दिवशी आक्का केरबाचं श्राद्ध घालत होती. भाद्रपदात पितरांच्या पंधरवड्यातही षष्ठीलाच त्याचं पान वाढत होती. आणि आमच्याकडे पितराच्या नावानं एक माणूस जेवायला बसवतात. त्याचे पाय धुतात, गंध लावतात, पितरच जेवतोय असं समजून पोटभर वाढतात. त्या पाटावर दरवर्षी बसत होते ते सुभेदार.

“सदतीस वर्सं माज्या दारात पाय धुवून घेतलंस,” आक्का म्हणाली. ‘तुमी’ गेलं होतं. “खीर वरपलीस. वडं मागून घेतलंस. आन् त्यांच्यापातूर त्यातलं एक शीतबी पोचलं न्हाई. तिथी त्यांची नव्हतीच. ज्यो मानूस उपासमारीनं मेला, त्याला तू मेल्यावरबी सदतीस वर्सं उपाशी ठिवलास, रंगराव.”

“गोजरे, मी तुजं भलं बगितलं. बेपत्ता म्हनलं की लोक काय बोलत्यात तुला ठावं हाय. पळाला म्हनले असते. तुज्या कपाळी...”

“माज्या कपाळाचं नाव काडू नगंस.”

तिनं खणाची घडी त्यांच्या ताटलीत, पदकांवर टाकली आणि चालू लागली. आणि आता जे सांगतो ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. त्याही क्षणी माझी नजर त्या घडीवर गेली. माझ्याकडच्या शंभराचा कोपरा फाटका होता, ही अखंड होती. माणसाचा नाद किती निर्लज्ज असतो! मी स्वतःलाच एक शिवी हासडली आणि तिच्यामागं निघालो.

वाटेत मी म्हणालो, “आक्का, मी बोलायला नको होतं.”

“तुमी बोलायला नगं हुतं,” ती म्हणाली. “पर आता बोललाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेपुढं आली. ताडपत्रीखाली पाथरवट शेवटचा हात फिरवत होता आणि सरपंच विलासराव त्याच्या डोक्यावर उभे होते. मंत्री यायचे होते, त्यामुळे सरपंचांच्या पायाला आठवडाभर भिंगरी लागली होती. आक्कानं त्यांना सगळं सांगितलं. एकही शब्द झाकला नाही, यादीही नाही आणि रस्त्यावरची नोटही नाही.

सरपंचांनी इकडंतिकडं पाहिलं.

“आक्का, झालं गेलं गंगेला मिळालं. नाव कोरून झालंय. तारीख कोण बघतंय?”

“मी बगतीय.”

“तारीख तेवढी काढा,” मी मध्ये पडलो. “नाव राहू दे.”

“वर काय कोरलंय ते वाचा मास्तर. ‘रणांगणी पडलेले’. कैदी त्यात कसा बसवायचा? आणि कैदेत मेला याला तरी पुरावा काय? उद्या कुणी म्हणेल, तिकडंच दुसरं घर केलं.”

“तोंड सांभाळून बोला!”

“मी सांभाळतोय. तुम्ही सांभाळलं असतंत तर ही वेळ आली असती का? गाव सुखानं टाळ्या वाजवत होतं. उकरलं कुणी?”

मी त्यांना नाही नाही ते बोललो. पंचायतीचा, मंत्र्याचा, दगडाचा उद्धार केला. जितका मोठ्यानं बोललो तितकं मला आतून कळत होतं की हा माणूस शेवटचं वाक्य खरं बोलला. खाई त्याला खवखवे. आमचं भांडण चालू असतानाच आक्का पाथरवटापाशी गेली.

“शेवटचं नाव काड.”

पाथरवटानं सरपंचांकडं पाहिलं.

“त्यांच्याकडं काय बगतोस? नाव माज्या मानसाचं हाय. खोट्या तारखेला बांधून मी त्यांना हितं उभं करायची न्हाई. आन् त्या रंगरावानं फडकं वडायचं, मंत्र्यानं हार घालायचा, ते तर न्हाईच न्हाई. काड.”

“आक्का, थांबा,” मी म्हणालो. “मी सातारला जातो, फौजेच्या कचेरीत लिहितो, काहीतरी कागद निघेल. तुम्हाला हे नाव बघायचं होतं ना?”

“बगितलं,” ती म्हणाली आणि पाथरवटाकडं वळली. “आता काड म्हनलं ना रं!”

छिन्नी चालू झाली. नाव कोरायला जेवढा वेळ लागला असेल त्याहून जास्त वेळ पुसायला लागला. आक्का शेवटपर्यंत उभी होती. दगडाची कच उडून तिच्या लुगड्यावर बसत होती. झाल्यावर तिनं पाथरवटाला घोटभर पाणी पाजलं आणि घरी गेली. सरपंच संध्याकाळपर्यंत त्या घासलेल्या पट्ट्यावर कुंडी ठेवता येईल का, ते बघत होते.

पंधरा ऑगस्टला मंत्री आले, तेरा नावांवरचं फडकं निघालं. सुभेदार आले नाहीत. ताप आलाय म्हणाले. आक्काही आली नाही. त्या वर्षी मी मुलांना टाळ्या वाजवायला सांगितलं नाही, मुलांनी आपल्या आपण वाजवल्या.

भाद्रपदातला पितरांचा पंधरवडा लागला, त्याच्या आदल्या दिवशी आक्कानं मला घरी बोलावलं. जोशी तिथंच बसले होते. ज्याच्या मरणाची तिथी माहीत नाही त्याचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला घालावं, असं शास्त्र ते तिला सांगत होते.

“त्या दिशी कोन कोन जेवतं?” तिनं विचारलं.

“ज्यांची तिथी माहीत नाही ते, ज्यांचं करणारं कोणी नाही ते, राहिलेसाहिलेले सगळे.”

“म्हंजी बेवारशांची पंगत. न्हाई जमायचं. त्यांना घर हाय, बायकू हाय.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “मास्तर, उद्यापासनं रोज दुपारी या. तिथी तुमी मोडलीय. रोज आज कुटली तिथी हाय, ते तुमीच सांगायचं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. दारात पाट मांडला होता, पुढं केळीचं पान. पाटावर सुभेदार बसले होते. तिनं बोलावणं धाडलं होतं आणि ते आले होते. पोरांनी अडवलं, सुनेनं अडवलं, पण ते आले. आक्कानं त्यांचे पाय धुतले, कपाळाला गंध लावलं.

“आज काय हाय, मास्तर?”

“प्रतिपदा.”

“आज असंल,” ती म्हणाली, आणि वाढायला लागली.

खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, भोपळ्याची भाजी. पानात बोट ठेवायला जागा नाही असं वाढलं. सुभेदार खाली मान घालून जेवले. ती समोर उभी राहून एकेक घास बघत होती. दुसऱ्या दिवशी मी ‘द्वितीया’ म्हणालो, ती ‘आज असंल’ म्हणाली, पुन्हा तेच पान, पुन्हा तोच माणूस. तृतीया, चतुर्थी, पंचमी. षष्ठीला ती काहीच वेगळं बोलली नाही. आठव्या दिवशी सुभेदारांनी पानावरून हात मागं घेतला, तेव्हा ती म्हणाली, “त्या बेटावर कुनी आग्रेव केला नसंल. मी करतीय.” त्यांनी घास उचलला. दहाव्या दिवशी ते पाटावरून उठून परसात जाऊन ओकले. मी म्हणालो, “आक्का, पुरे.” तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. परतून आले तेव्हा तिनं त्यांना हात धुवायला पाणी दिलं आणि नवं पान मांडलं.

त्यानंतर मी कधी कुणाला नोटेचं साल सांगितलं नाही. वही माझ्याकडे आहे. बरेच दिवस पट्ट्या कोऱ्याच ठेवल्या, मग नोटा घेणंच सुटलं. लोक म्हणतात, आक्कानं सुभेदाराला माफ केलं, नाहीतर पंधरा दिवस जेवायला कशाला बोलावलं असतं? गावात अजून असंच सांगतात, आणि गोष्ट छान आहे म्हणून ऐकणारेही मान हलवतात. मी तिथं होतो. मला त्या माना धरून भिंतीवर आपटाव्याशा वाटतात.

पंधराव्या दिवशी मी म्हणालो, “अमावास्या.”

सुभेदार वाळून अर्धे झाले होते. मिशांना खीर लागली होती, ती पुसायचं त्यांना भान नव्हतं. पान संपलं. कसंबसं, पण संपलं. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि पहिल्यांदाच आक्काच्या डोळ्यांत बघितलं.

“गोजरे, झालं. आता सोड.”

आक्का आत गेली. परत आली ती वड्यांची परात घेऊनच. त्यांच्यापुढं वाकली आणि कित्येक दिवसांनी पुन्हा तीच जुनी, आदराची भाषा तिच्या तोंडी आली.

“घ्या दादा, आनि एक घ्या. त्यांचं पोट अजून भरलं न्हाई.”